दवाखान्यापुरती बरी

मी बरी झाले म्हणून हे लिहीत नाही. हा आजार बरा होत नाही, फार तर आवरतो, आणि माझा आता बराचसा आवरलाय. लिहितेय ते राग आलाय म्हणून. शिवाय आमच्या भागातल्या ज्या बाया सुजलेली बोटं पदराखाली झाकून फाट्यावर बसची वाट बघत उभ्या असतात, त्यांच्यातल्या एखादीच्या तरी कामाला यावं म्हणून. गोड सल्ले हवे असतील त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते वाचावेत. तिथं एक गोरीपान बाई बागेत हसत हसत व्यायाम करताना दाखवलीय.

माझं गाव जांबोटीच्या पुढं, रानात. बेळगावला जायचं तर आधी रानवाटेनं फाट्यापर्यंत चालायचं आणि मग बस धरायची. ती चुकली की दिवस गेला. गावातलं पोस्ट मी चालवते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. तिथं एक टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का आणि अंगठा घ्यायचं मशीन. म्हाताऱ्यांच्या पेन्शनी, पोरींची खाती, रजिस्टर पत्रं, सगळं माझ्या हातून जातं. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही. लहानथोरांची मी पोस्टाची आक्का.

तारीख बदलेना

शिक्क्यातली तारीख रोज सकाळी बदलावी लागते. धातूचे बारके आकडे असतात, ते चिमटीत धरून काढायचे आणि दुसरे बसवायचे. डोळे मिटून करायचे मी ते. एका सकाळी चिमूट बसेचना. बोटं ओल्या शेंगांसारखी फुगलेली, मनगट दाराच्या जुन्या बिजागरीसारखं. आकडे खाली सांडले आणि ते वेचायला खाली बसले तर उठता येईना. त्या दिवशी सगळ्या टपालावर आदल्या दिवसाची तारीख पडली आणि वरच्या साहेबाची बोलणी खाल्ली.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि निकाल दिला.

"वात हाय गं. निरगुडीचा पाला शेक. बाईच्या जातीला वात चुकलाय व्हय कधी?"

निरगुडी शेकली. तेलं चोळली. एकानं चिकनगुनिया सांगितला, एकीनं करणी. दरम्यान सकाळी हात मुठीत आखडलेले असायचे. गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचं, तेव्हा कुठं सूर्य वर आल्यावर चहाचा कप धरता यायचा. भाकरी थापणं गेलं. केसांची वेणी गेली. साडीच्या निऱ्या आमच्या यांनी घालायला सुरुवात केली, दार लावून, कोणाला दिसू नये म्हणून. त्यांच्या निऱ्या उलट्या बाजूला जायच्या. मी ओरडायचे, ते सोडून पुन्हा घालायचे.

मग आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी सुई दिली. काय सांगू! दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरनं कळशी आणली. आत्यांनी त्या डॉक्टरला देवमाणूस ठरवून टाकलं. चार दिवसांनी सगळं दुखणं व्याजासकट परत आलं. पुन्हा सुई, पुन्हा कळशी, पुन्हा अंथरूण. सुईत काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडं सुईला प्रश्न विचारायची पद्धत नाही.

निदानाचा दिवस

शेवटी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथली सकाळ सांगते. आधी चिठ्ठीची रांग, मग नंबर, मग रक्त द्यायची रांग, मग हाडांच्या फोटोची. सांधे दुखणाऱ्या माणसाला उभं राहावं लागू नये, एवढी एक सोडून तिथं सगळी व्यवस्था आहे. पाटी कानडीत, कागद इंग्रजीत, आणि शिपाई ज्या भाषेत ओरडेल ती त्या दिवसाची भाषा. मला तिन्ही कळतात म्हणून निभावलं. माझ्या शेजारी कणकुंबीकडची एक म्हातारी होती, ती चुकीच्या दारासमोर दुपारपर्यंत बसून होती.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. कागद बघून म्हणाले, "हा वयाचा वात नाही. सुजेचा संधिवात आहे. शरीराची राखण करणारी फौजच उलटून सांध्यांवर उठते." आणि लगेच दुसरं वाक्य, "आधी का नाही आलात? बराच उशीर झालाय."

रोगाच्या नावानं मला काही वाटलं नाही, खरं सांगते. उलट बरं वाटलं. करणी नव्हती, सोंग नव्हतं, त्याला नाव होतं. पण "आधी का नाही आलात" हे वाक्य मला टोचलं ते अजून तिथंच आहे. जसं काही आम्ही रानात सहलीला बसलो होतो आणि कंटाळा आला म्हणून आता आलो!

भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. "हाडं झिजायला लागलीत. औषध जोर धरेपर्यंत सांभाळलं नाही तर बोटं वाकडी होतील, आणि वाकडी झालेली सरळ होत नाहीत." मला शिक्का दिसला. आकडे दिसले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी कोणाची तरी सून होते, मग कोणाची तरी आई. त्या टेबलामागं बसले की मी मी असते. बोटं गेली की टेबल गेलं. त्या दिवसापासून माझी सगळी लढाई बोटांसाठी होती, हे लक्षात ठेवा.

नटून जायचं

आता मुख्य गोष्ट सांगते.

आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मळमळायचं, पण थोडा उतार पडला. पूर्ण नाही. सकाळी बादली लागायचीच. अशानं दर तपासणीला बेळगावला जायचं कसं? रानवाट चालायची, बसच्या उंच पायऱ्या चढायच्या, दांडा धरून उभं राहायचं. म्हणून तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी सुई घ्यायचे. सगळ्याच घेतात. आमच्याकडं तो रिवाजच आहे. शेतातल्या, जंगलातल्या, कुठल्याही बाईला विचारा, "दवाखान्याला जायची सुई" म्हटलं की तिला कळतं.

आणि नुसती सुई नाही. न्हाऊन घ्यायचं, ठेवणीतली साडी नेसायची, साबण लावून बांगड्या चढवायच्या. एकदा म्हटलं, बांगड्या राहू द्या, मनगट सुजतंय. आत्या कडाडल्या.

"डाक्टरापुढं भुंडे हात घेऊन जाणार? लोक म्हणतील, सासू बघत न्हाय. माझी अब्रू हाय का न्हाय?"

तर अशी मी सुई टोचून, पावडर लावून, आत्यांची अब्रू मनगटावर चढवून डॉक्टरांपुढं बसायचे. ते एकेक सांधा दाबून बघायचे. "दुखतं? नाही? छान! सूज नाही. तीच गोळी चालू ठेवा." मी खूश, ते खूश. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत मी पुन्हा बादलीत.

दवाखान्यात पोचायला जे दुखणं झाकावं लागायचं, तेच दुखणं दवाखान्याला बघायचं होतं. हे मला इतके दिवस का सुचलं नाही, असं मला विचारू नका. त्यांना विचारा. शिकलेले ते होते.

कारचं दार

एकदा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या फोटोत झीज वाढलीय, पण तपासताना सांधे चांगले लागतात. गंमत आहे." गंमत! मग त्यांनी सांगितलं की नव्या औषधाचा एक अभ्यास सुरू होतोय. ज्यांना गोळी पुरत नाही त्यांना ते औषध मिळणार, तेही फुकट. एरवी ते आमच्यासारख्यांनी फक्त नाव ऐकायचं औषध. तुम्ही त्यात बसता का बघू, म्हणाले. बस फाट्यावर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात देवीची ओटी भरून टाकली.

निवडीच्या दिवसासाठी अर्थातच आदल्या संध्याकाळी सुई घेतली. एवढं महत्त्वाचं काम, तिथं लंगडत जायचं?

अभ्यासाच्या मॅडम बेंगळूरच्या होत्या, हसऱ्या. प्रश्न वाचून मराठीत सांगायला एक नर्स बसलेली.

"कारमध्ये चढता-उतरता येतं का?"

"कार न्हाय आमच्यात."

"लागू नाही," नर्सनं मॅडमना सांगितलं.

"टबमध्ये बसून आंघोळ करता येते?"

"टब?"

"लागू नाही. दुधाचं खोकं उघडता येतं? नळ सोडता येतो?"

"म्हशीचं दूध हाय, आनी नळ फाट्यापतोर पन आला न्हाय. भाकरी थापता येती का ते इचारा की! उकिडवं बसता येतंय का ते इचारा!"

नर्स हसली. "ते यात नाही, आक्का." माझी अडचण मोजायला बसलेल्या कागदावर माझ्या अडचणीला जागाच नव्हती. लागू नाही, लागू नाही करत मी जवळजवळ धडधाकट ठरले.

मग डॉक्टरांनी सांधे मोजले. सुजलेले सांधे पुरेसे भरले नाहीत. त्यांच्यामागं शिकाऊ पोरंपोरी उभी होती. त्यांना ते इंग्रजीत म्हणाले की जंगलभागातल्या या बायकांमध्ये हा आजार बऱ्याचदा सौम्य दिसतो, अंगमेहनतीनं सांधे मोकळे राहत असावेत. पोरांनी लिहून घेतलं. पोस्टात इतकी वर्षं काढल्यावर एवढं इंग्रजी मला कळतं. माझ्या पायाखालची जमीन गेली नाही, डोक्यात तिडीक गेली. मी तिथंच बोलले.

"सौम्य न्हाय, डॉक्टर. मी काल सुई घेटलीय. त्याबिगर मला हितं येताच येत न्हाय."

मॅडमचं हसू गेलं. सुईत स्टिरॉइड असणार, आणि ते नुकतंच टोचून घेतलेल्या माणसाला या अभ्यासात घेताच येत नाही, असा नियम. आता तर मी दोन्हीकडनं बाद.

"मग सुई न घेता मी बसात चढू कशी?" मी विचारलं.

"त्याला आम्ही काय करणार?" मॅडम म्हणाल्या. उद्धटपणे नाही. खरंच त्यांना माहीत नव्हतं. "तुमच्या भागातले पेशंट नेहमीच असे गळतात," असंही वर म्हणाल्या.

म्हणजे ज्याच्या घरासमोर रिक्षा येते तो अभ्यासात. औषध त्याच्या सांध्यांवर तपासायचं, नियम त्याच्या सकाळवरनं बांधायचे. आणि आम्ही गळतो. आम्ही आहोत कुठं? "सौम्य" या एका शब्दात.

जशी आहे तशी

पुढच्या तपासणीला सुई घ्यायची नाही, असं मी घरात जाहीर केलं. घरात जो तमाशा झाला तो विचारू नका. आत्या डोळ्याला पदर लावून बसल्या. आमचे हे एरवी गरीब गायीसारखे, ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"याड लागलंय व्हय तुला? वाटंत पडलीस म्हंजे? समद्या गावाला तमाशा दावायचाय?"

"गावाला न्हाय, डॉक्टरला दावायचाय."

"आनी तुला न्हेणार कोन?"

"तुमी न्हेणार."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. सकाळी बघते तर पडवीतली लाकडी खुर्ची अंगणात आणि तिला दोन्ही बाजूंनी वासे बांधलेले. चुलत दिरालाही बोलावून आणलं होतं. माझ्याकडं बघितलं नाही. "बस," एवढंच म्हणाले.

मी आदल्या दिवशीच्याच साडीत होते. केस पिंजारलेले. मनगटं उघडी. आत्या दारात आल्या, माझ्या हातांकडं बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी ते सकाळच्या उजेडात नीट बघितले नव्हते, कारण त्या वेळी मी बादलीशी तोंड फिरवून बसलेली असायचे. बांगड्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. आत जाऊन आपली शाल आणली आणि माझ्या गुडघ्यांवर टाकली.

वाटेवर प्रत्येक खड्ड्याला मी देवाला शिव्या दिल्या. फाट्यावर बस आली तेव्हा पायरीवर पाय उचलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. कंडक्टर खाली उतरला, त्याला कानडीत थांब म्हणाला, "तड रे, तड!" आणि मला म्हणाला, "सावकाश, आक्का. गाडी तुमास्नी सोडून जायाची न्हाय." आतनं दोघी बायकांनी काखेत हात घालून वर ओढलं. मी बोंबलले, अक्षरशः. सगळी बस बघत होती. बघू दे.

डॉक्टरांच्या खोलीत मला दोघांनी धरून आणलं. ते उठूनच उभे राहिले.

"आज काय झालं तुम्हाला?"

"आज काय न्हाय झालं. रोज जे असतंय तेच हाय. तुमी आज बघालाय, एवढंच."

त्यांनी बोट लावलं आणि मी किंचाळले. दुसऱ्या सांध्याला लावलं, पुन्हा तेच. ते एकेक सांधा मोजत गेले. मागं तीच पोरंपोरी उभी होती. मी त्यांच्याकडं वळून म्हटलं, "मागच्या बारीला तुमी लिहून घेटलं हुतं, रानातल्या बायकांचं दुखणं सौम्य असतंय म्हणून. ते खोडा."

एका पोरीनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "खोडा." त्यांचा मान ठेवते मी त्या एका शब्दासाठी.

अभ्यासातल्या जागा मात्र तोवर भरल्या होत्या.

जे राहिलं ते

डॉक्टरांनी गोळी वाढवली, दुसऱ्या दोन जोडल्या. हळूहळू सकाळ मोकळी व्हायला लागली. आता बादली क्वचित लागते. निऱ्या माझ्या मी घालते, आणि यांना त्याचं थोडं वाईटच वाटतं असा मला संशय आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बाहेरच्या बाजूला वाकली, ती वाकलीच. झाकाझाकी झाली नसती तर कदाचित वाचली असती. तारखेचे आकडे आता चिमट्यानं बदलते. टेबल गेलं नाही. पण ती दोन बोटं माझी होती, आणि ती रोगानं एकट्यानं खाल्ली नाहीत, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

डॉक्टर आता प्रत्येकीला आधी विचारतात, "काल सुई घेतली होती का?" आणि सकाळी उठल्या उठल्या हातांचा फोनवर व्हिडिओ काढून आणायला सांगतात. तुम्हीही काढा. सुई घेतलीच असेल तर लपवू नका, स्पष्ट सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कमीजास्त करू नका. बांगड्या घरी ठेवा. मला एवढंच सांगता येतं. व्हिडिओ आमच्या डॉक्टरांना चालतो, पण अभ्यासाला चालत नाही. मी मॅडमना फोन करून विचारलं होतं. अभ्यासाला माणूस लागतो, सकाळच्या वेळेला, आपल्या पायांनी आलेला.

आजच वरच्या वाडीची रेणुका खात्यासाठी अंगठा द्यायला आली. लग्न होऊन फार दिवस झाले नाहीत, अजून हळद उतरली नाही म्हणावी अशी पोर. मशीन अंगठा घेईना. मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं. गरम, फुगलेली बोटं. म्हटलं, "सुई घेत्यास?" तिनं मान डोलावली. दवाखान्याला जायचं ठरलंय, त्यासाठी उद्या घेणार होती.

मी तिला सगळं सांगितलं. सुई न घेता जा, जशी आहेस तशी जा, बघू दे त्यांना. तिनं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हय आक्का. पन मग बसात चढू कशी?"

मॅडमचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं ते. खुर्ची आमच्या पडवीत आहे, वासेही आहेत. यांना सांगितलंय, दिराला सांगितलंय, आणखी दोघं गोळा करू. परवा आम्ही तिला उचलून फाट्यापर्यंत नेणार, बसमध्ये घालणार, मी पोस्ट बंद ठेवून सोबत जाणार. एवढं सगळं करून ती दवाखान्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली की आमच्या डॉक्टरांआधी नाव लिहून घेणारा माणूस कागदावरनं डोळे न उचलता तिला पहिला प्रश्न विचारेल, मला माहीत आहे.

"आधी का नाही आलात?"